ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसण्याआधी: बेळगावहून पणजीला जाणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, इकडच्या माणसाला पत्ते शिकवावे लागत नाहीत. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, रमी घरातच येते आणि दिवाळीला तीन पत्तीचा अड्डा बसतोच. म्हणून शनिवारी चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत गेलेला माणूस ब्लॅकजॅकच्या टेबलाकडं निर्धास्त वळतो. पत्तेच तर आहेत! घोटाळा इथंच होतो. तीन पत्तीत समोरच्याचा चेहरा वाचायचा असतो, ब्लाइंड खेळून त्याला घाबरवायचं असतं, पॅक करायचं की चाल वाढवायची हे त्या क्षणी पोटात ठरतं. ब्लॅकजॅकमध्ये यातलं काहीच नाही. समोरचा डीलर, म्हणजे पानं वाटणारा, कॅसिनोच्या नोकरीवर आहे. त्याला स्वतःच्या मनानं एक पान ओढता येत नाही की थांबता येत नाही, सगळं नियमानं. त्याला घाबरवून काय होणार? शेजारी बसलेले चारजणही तुमचे प्रतिस्पर्धी नाहीत. तुमचा डाव एकट्या डीलरशी: पानांची बेरीज २१ च्या वर न जाता त्याच्यापेक्षा जास्त करायची. आणि त्यात जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर उत्तर एकच असतं.

ते उत्तर शोधायचंही नाही, ते आधीच काढून ठेवलेलं आहे. बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडरमट या चौघांनी अमेरिकेच्या लष्करात असताना साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर ते काढलं आणि १९५६ साली संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. पुढं संगणकांनी ते आणखी बारीक करून दिलं. त्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात. ती पाठ असेल तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा फायदा शंभर रुपयांमागं सुमारे पन्नास पैसे एवढाच राहतो. अंदाजानं खेळलं तर तोच दोन रुपयांवर सहज जातो.

आपल्याकडं अड्ड्यावर नाल, म्हणजे अड्डेवाल्याचा वाटा, काढतात ती सगळ्यांना दिसते. ब्लॅकजॅकची नाल दिसत नाही, कारण ती नियमातच पुरलेली आहे: आधी तुम्ही खेळता, मग डीलर. तुमची बेरीज २१ च्या वर गेली की तुमचे पैसे तिथंच उचलले जातात. नंतर डीलरही २१ च्या वर गेला तरी तुम्हाला काही परत मिळत नाही. दोघंही बुडाले तरी पैसे कॅसिनोचे, एवढीच काय ती त्यांची कमाई. बाकी जवळपास सगळ्या सवलती खेळणाऱ्याच्या बाजूनं आहेत. त्या नीट वापरायच्या, म्हणजेच ब्लॅकजॅक खेळायचं.

कायद्याचं थोडक्यात. कर्नाटकात पैसे लावून पत्त्यांचा अड्डा चालवणं आणि तिथं सापडणं, दोन्ही १९६३ च्या कर्नाटक पोलीस कायद्याखाली गुन्हा आहे. शिनोळीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात गेलात तरी कॅसिनो नाही. तिथला १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मात्र १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात नंतर दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे आणि बोटींवर टेबलावरचे खेळ मान्य केले आहेत. वय २१ पूर्ण हवं, सोबत मूळ ओळखपत्र हवं. मोबाइलवर पैसे लावून खेळायला देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आहे.

चिप्स घेताना

या भागाकडं कुणी लक्ष देत नाही आणि सगळ्यात जास्त पैसे इथंच जातात. कॅसिनोवरचा जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून तुम्ही चिप्ससाठी (टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चकत्या) मोजलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे पूर्ण कर गिऱ्हाइकाकडून घेतला, तर १०,००० च्या चिप्ससाठी १४,००० मोजावे लागतात. उलट हिशेबानं खिशातून १०,००० काढले तर हातात सुमारे ७,१४० च्या चिप्स येतात. करातला किती भाग कॅसिनो स्वतः सोसतो आणि किती तुमच्याकडून घेतो, हे काउंटरवर आधी विचारा. प्रश्न एकच आणि सरळ: "मी दहा हजार दिले तर हातात किती रुपयांच्या अशा चिप्स येतील, ज्या परत दिल्या तर पूर्ण रोख मिळेल?"

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते आकड्यांतच बघा. ५०० रुपयांचा डाव, तासाला ६० डाव, म्हणजे तासाला ३०,००० ची उलाढाल. बरोबर खेळलात तर त्यावर कॅसिनोचा फायदा सरासरी १५० रुपये. चार तास बसलात तरी ६००. आणि कर एका फटक्यात चार हजार! म्हणून दोन गोष्टी पाळा. एक, जेवढ्या रकमेनं खेळायचं ठरवलंय तेवढ्याच चिप्स घ्या, उगाच ढीग समोर दिसावा म्हणून जास्त घेऊ नका. परत दिलेल्या चिप्सवरचा कर परत येत नाही. दोन, मध्येच चिप्स मोडून रोख घेऊ नका. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर नव्यानं जीएसटी नाही, पण रोख करून पुन्हा चिप्स घेतल्या की पुन्हा कर. जेवायला उठायचं असेल तर चिप्स खिशात ठेवा.

प्रवेशाच्या पॅकेजबरोबर ज्या चिप्स मिळतात त्या बऱ्याच वेळा एकदाच खेळायच्या असतात, त्यांना ओटीपी (वन टाइम प्ले) म्हणतात. त्यांची थेट रोख होत नाही. लावल्या, जिंकलात, तर जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये मिळते. त्या ब्लॅकजॅकला चालतात का ते विचारून घ्या. चालत असल्या तरी पैसे दुप्पट करायचे किंवा जोडी फोडायची (म्हणजे काय ते पुढं येतं) वेळ आली की वरची रक्कम साध्या चिप्समध्ये लागेल, हे धरून चला.

टेबल निवडताना

रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसू नका. टेबलामागं उभे राहून पाच डाव बघा. उभं राहून बघायला कुणी हरकत घेत नाही. पहिल्यांदा पाटीवर किमान आणि कमाल रक्कम बघा, मग टेबलाच्या कापडावर छापलेली ओळ वाचा. ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान) आल्यावर तीनास दोन देतात की सहास पाच? ५०० च्या डावावर तीनास दोन म्हणजे ७५०, सहास पाच म्हणजे ६००. दीडशेचाच फरक, पण सहा कॅटच्या खेळात साधारण एकवीस डावांत एकदा ब्लॅकजॅक येतो, म्हणून त्या एका ओळीनं कॅसिनोचा फायदा जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढतो. पन्नास पैशांची नाल एकदम दोन रुपयांच्या जवळ! सहास पाच लिहिलेलं टेबल सोडा, मग खुर्ची कितीही मऊ असो.

त्यानंतर डीलर सॉफ्ट १७ वर, म्हणजे एक्का अकरा धरून एक्का-छक्कीवर, थांबतो का ते बघा. थांबत असेल तर बरं. पान ओढत असेल तर सुमारे ०.२ टक्के तुमच्या विरुद्ध जातात. मग डीलर स्वतःला सुरुवातीला किती पानं वाटून घेतो? एक उघडं आणि एक पालथं घेत असेल, तर उघडं पान एक्का किंवा दहाचं असल्यावर तो आधीच पालथं पान तपासतो आणि ब्लॅकजॅक असला तर डाव तिथंच संपतो. एकच उघडं पान घेत असेल तर त्याचा ब्लॅकजॅक तुम्हाला शेवटी कळणार, आणि तोवर तुम्ही दुप्पट केलेले, जोडी फोडून लावलेले पैसेही जाऊ शकतात. काही ठिकाणी अशा वेळी फक्त मूळ रक्कमच घेतात. डीलरला विचारा, तो सांगतो. याचा खेळण्यावर परिणाम होतो, पुढं येईलच.

डाव कसा चालतो

दुर्रीपासून दश्शीपर्यंत पानावरचा आकडा हीच किंमत. राजा, राणी, गुलाम प्रत्येकी दहा. एक्का एक किंवा अकरा, तुमच्या सोयीनं. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर याला काही अर्थ नाही. सिक्वेन्स नाही, कलर नाही, तीन राजे आले तर तो ट्रेल नव्हे, सरळ तीस. एक्का आणि दहाच्या किमतीचं पान पहिल्या दोन पानांत आलं की ब्लॅकजॅक. तीन पानांत झालेले २१ ब्लॅकजॅकपेक्षा कमी समजतात.

बसताना रोख किंवा मोठी चिप डीलरच्या हातात देऊ नका, कापडावर ठेवा. वरच्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून डीलर हातातून घेत नाही. तुमच्या समोरच्या गोलात किंवा चौकटीत रक्कम ठेवा. दोन किमतींच्या चिप्स असतील तर मोठी खाली, लहान वर. पहिलं पान पडलं की त्या रकमेला हात लावायचा नाही. सरळ करायलासुद्धा नाही. हात लागला की तुम्ही रक्कम कमी-जास्त केली असा संशय येतो आणि सुपरवायझर येऊन उभा राहतो.

प्रत्येकाला आधी दोन पानं, सहसा उघडीच वाटतात, त्यामुळं पानांनाही हात लावायचा नाही. बोलण्यापेक्षा खूण करा, कारण वाद झाला तर कॅमेऱ्यात आवाज नसतो, हात असतो. पान हवं असेल तर पानांच्या मागं कापडावर बोटानं दोनदा टकटक. नको असेल तर तळहात खाली करून आडवा हलवा. दुप्पट करायचं तर मूळ रकमेच्या शेजारी, वर नव्हे, तेवढीच रक्कम ठेवा आणि एक बोट दाखवा. मग एकच पान मिळतं आणि तुमचं काम संपतं. जोडी फोडायची, म्हणजे सारख्या दोन पानांचे दोन वेगळे डाव करायचे, तर तशीच शेजारी रक्कम आणि दोन बोटं. काही टेबलांवर शरणागतीही असते: अर्धी रक्कम सोडून डावातून बाहेर. नवखे लोक तीन पत्तीच्या सवयीनं "पॅक" म्हणून हात झटकतात आणि डीलरला ती थांबण्याची खूण वाटते. हात नीट, सावकाश हलवा.

सगळ्यांचं झालं की डीलर आपलं पान उघडतो. १६ किंवा कमी असेल तर त्याला ओढावंच लागतं, १७ झालं की थांबावंच लागतं (सॉफ्ट १७ वर ओढणारं टेबल सोडून). बरोबरी झाली तर तुमची रक्कम तुमची.

काय खेळायचं, आणि का

सगळी गुरुकिल्ली डीलरच्या उघड्या पानात आहे. त्याचं पान चव्वी, पंजी किंवा छक्की असेल तर तो बस्ट होण्याची, म्हणजे २१ च्या वर जाऊन बुडण्याची, शक्यता ४० ते ४२ टक्के. दुर्री-तिर्रीला ३५ ते ३७. सत्तीला एकदम २६ वर येते, दहाच्या पानाला २१ च्या आसपास, एक्क्याला तर त्याहून खाली. म्हणून छक्कीपर्यंत डीलर अडचणीत आणि सत्तीपासून वर तुम्ही अडचणीत, अशी मनात रेघ ओढा. खालचं सगळं याच रेघेवर बसतं.

एक्का नसलेली बेरीज आधी. १७ किंवा जास्त: थांबा. १३ ते १६: डीलरचं पान छक्कीपर्यंत असेल तर थांबा, सत्ती किंवा वर असेल तर ओढा. १२: चव्वी, पंजी, छक्कीला थांबा, बाकी सगळ्यांना ओढा. ११: दुर्रीपासून दहाच्या पानापर्यंत दुप्पट, एक्क्याला नुसतं ओढा. १०: दुर्री ते नव्वी दुप्पट. ९: तिर्री ते छक्की दुप्पट, नाहीतर ओढा. ८ किंवा कमी: ओढत राहा.

यात सर्वांत जास्त चूक १६ वर होते. डीलरची सत्ती आणि आपले १६ असले की बोटं जड होतात, कारण तेरापैकी आठ प्रकारची पानं बुडवणारी असतात, म्हणजे ६२ टक्के. भीती खरी आहे. पण थांबून काय मिळतं? डीलर चारपैकी जेमतेम एकदा बुडतो, बाकी वेळा तो १७ किंवा वर जातो आणि तुमचे १६ हरतातच. हजार रुपयांच्या डावावर थांबलात तर सरासरी ४७५ च्या आसपास जातात, ओढलंत तर ४१५. दोन्हीकडं तोटाच आहे, आणि कमी तोट्याची बाजू निवडणं हाच इथला खेळ. डीलरकडं दहा असेल तर ओढणं आणि थांबणं जवळजवळ सारखंच वाईट, शरणागतीची सोय असली तर १६ ला नव्वी, दहा, एक्का आणि १५ ला दहा असताना ती घ्या.

बाराची गोष्ट याच्या उलट. बारावर फक्त दहाची पानंच बुडवतात, तेरातली चार, ३१ टक्के. तरी दुर्रीसमोर लोक बारावर थांबतात, "डीलरचं पान लहान आहे" म्हणून. दुर्री हे डीलरचं तेवढं कमकुवत पान नाही. ओढा.

आता एक्का असलेली, म्हणजे सॉफ्ट बेरीज. एक पान ओढून ती बुडूच शकत नाही, म्हणून इथं धीट व्हायचं. एक्का-दुर्री आणि एक्का-तिर्री: पंजी, छक्कीला दुप्पट. एक्का-चव्वी, एक्का-पंजी: चव्वी ते छक्की दुप्पट. एक्का-छक्की: तिर्री ते छक्की दुप्पट. या सगळ्यांना इतर वेळी ओढायचं, थांबायचं कधीच नाही. सॉफ्ट १७ वर थांबणं ही नवख्याची हमखास चूक, कारण १७ नं जिंकायचं तर डीलर बुडावाच लागतो. एक्का-सत्ती: तिर्री ते छक्की दुप्पट, दुर्री, सत्ती, अठ्ठीला थांबा, आणि नव्वी, दहा, एक्क्याला ओढा. अठरा झाले म्हणून कुणाला ओढावंसं वाटत नाही, पण नव्वीसमोर हजाराच्या डावावर थांबण्याचा सरासरी तोटा १८० च्या जवळ आणि ओढण्याचा १०० च्या जवळ आहे. एक्का-अठ्ठी, एक्का-नव्वी: थांबा.

जोड्या. एक्के आणि अठ्ठ्या नेहमी फोडा. दहाची पानं आणि पंज्या कधी फोडू नका. दहाची जोडी म्हणजे वीस, आणि पंज्या म्हणजे दुप्पट करायला सोन्यासारखे दहा. दुऱ्या, तिऱ्या आणि सत्त्या: दुर्री ते सत्तीसमोर. छक्क्या: दुर्री ते छक्कीसमोर. चव्व्या: फक्त पंजी, छक्कीसमोर, तेही फोडल्यावर दुप्पट करू देत असतील तरच. नव्व्या: दुर्री ते नव्वी, पण सत्तीसमोर थांबा, कारण डीलरचे बहुधा १७ होतात आणि तुमचे १८ आहेतच. दहा आणि एक्क्यासमोरही थांबा.

डीलर एकच पान घेणाऱ्या आणि सगळे पैसे उचलणाऱ्या टेबलावर यातल्या चार ठिकाणी हात आवरा: दहाच्या पानासमोर ११ दुप्पट करू नका, दहा आणि एक्क्यासमोर अठ्ठ्या फोडू नका, एक्क्यासमोर एक्के फोडू नका. त्या ठिकाणी नुसतं ओढा.

एक डाव जवळून बघू. तुमचे ५००, पानं दोन अठ्ठ्या, डीलरची छक्की. सोळावर थांबायचा मोह होतो, पण फोडा: आणखी ५०० शेजारी, दोन बोटं. पहिल्या अठ्ठीवर तिर्री आली, ११ झाले. दुप्पट करा, आणखी ५००. गुलाम आला, २१. दुसऱ्या अठ्ठीवर दश्शी, १८, थांबा. आता टेबलावर तुमचे १,५०० आहेत, आणि तेही डीलर सर्वांत अडचणीत असताना. डीलरनं पालथं पान उघडलं, राणी, १६. त्याला ओढावंच लागतं. नव्वी आली, २५, बस्ट. १,५०० वर १,५०० मिळाले. नव्वीऐवजी पंजी आली असती तर त्याचे २१: पहिला डाव बरोबरीत सुटला असता, दुसऱ्याचे ५०० गेले असते, एवढंच. फायदा असा होतो, सगळे पैसे योग्य वेळी टेबलावर असल्यानं.

डीलरचा एक्का आला की तो "इन्शुरन्स?" विचारतो. नको म्हणा. इन्शुरन्स म्हणजे पालथं पान दहाचं आहे यावर लावलेली वेगळी पैज, जिंकली तर एका रुपयाला दोन. सहा कॅटमध्ये ३१२ पानं, त्यात दहाची ९६. एक्का बाहेर आल्यावर उरलेल्या ३११ मध्ये ९६, म्हणजे ३१ टक्क्यांना थोडं कमी. पैज फिटायला ३३.३ टक्के हवेत. शंभरामागं सुमारे साडेसात रुपये कॅसिनोचे. तुमच्याकडं ब्लॅकजॅक असताना "इव्हन मनी" देऊ करतात तीही हीच पैज, नाव बदललेली: हजाराच्या डावावर लगेच हजार घ्या म्हणतात, आणि न घेता थांबलात तर सरासरी १,०४० च्या जवळ मिळतात. जोडी पडेल, तीन पानांचा कलर पडेल अशा बाजूच्या गोलांतल्या पैजाही सोडा. तीन पत्तीच्या ओढीनं आपली माणसं नेमकी तिथंच रक्कम ठेवतात, आणि तिथली नाल मुख्य डावाच्या कितीतरी पट असते.

जे ऐकू नये

"शेवटच्या खुर्चीवरच्यानं चुकीचं पान ओढलं म्हणून डीलर वाचला." तो जितक्या वेळा तुमचं बिघडवतो तितक्याच वेळा सुधारतो, फक्त सुधारलेलं लक्षात राहत नाही. त्याच्यावर चिडू नका.

"हरलं की दुप्पट लावायचं, एकदा तरी जिंकणारच." ५०० पासून सुरू करून सहा डाव सलग हरलात तर ३१,५०० गेले आणि पुढचा डाव ३२,००० चा. टेबलाची कमाल मर्यादा २०,००० असेल तर तो लावताच येत नाही. सहा डाव सलग हरणं अंदाजे पंचेचाळिसात एकदा घडतं, एका रात्रीत ते सहज वाट्याला येतं. आणि एवढं करून जिंकायचं होतं ते ५००.

पानं मोजायचं म्हणाल तर पद्धत खरी आहे: दुर्री ते छक्की अधिक एक, दहाची पानं आणि एक्के उणे एक, बेरीज वर गेली की रक्कम वाढवायची. पण खेळलेली पानं लगेच यंत्रात जाऊन पिसली जात असतील तर मोजून काहीही हाती लागत नाही, आणि जिथं लागतं तिथं कॅसिनो तुम्हाला उठायला सांगू शकतो. दोन महिने घरी सराव केल्याशिवाय हा विचारही करू नका.

रक्कम किती न्यायची

बरोबर खेळूनही तासाभरात नऊ डावांइतकी रक्कम वर किंवा खाली जाणं अगदी नेहमीचं आहे. ५०० च्या डावाला साडेचार हजार. म्हणून किमान चाळीस डाव पुरतील एवढ्या चिप्स हव्यात, ५०० ला २०,०००. तेवढी रक्कम गेली तरी घरात काही अडत नसेल तरच न्या. नसेल तर कमी किमतीचं टेबल शोधा, तेही नसेल तर जेवून, बोटीवरून मांडवी बघून परत या. एटीएम कार्ड आणि यूपीआयचा फोन न खेळणाऱ्या सोबत्याकडं ठेवा, पण तो देणार नाही असा हवा. बोटीवर दारू सहज मिळते. दुसऱ्या ग्लासानंतर एक्का-सत्ती विसरते, तिसऱ्यानंतर १६ वर हात थरथरतो. खेळायचं असेल तर पिणं नंतर, आणि गाडी चालवणाऱ्यानं अजिबात नाही. पावसाळ्यात कणकुंबीच्या वर धुक्यात समोरचा दिवा दिसत नाही.

गेलेलं भरून काढायला पुढच्या शनिवारी पुन्हा जावंसं वाटू लागलं, उसनवारी सुरू झाली, घरात खोटं सांगावं लागलं, तर ते ब्लॅकजॅकनं सुटत नाही. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कधीही लावता येतो. घरच्यांनीही लावावा. यात लाजण्यासारखं काही नाही.

जिंकलात तर कर वेगळा: अशा जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के, वर सेस, आणि आधीच्या शनिवारचा तोटा त्यातून वजा करता येत नाही. काउंटरवर कर कापला असेल तर त्याची पावती मागून घ्या.

उठताना सुट्या चिप्स डीलरसमोर ठेवून "कलर अप" म्हणा, तो डाव संपल्यावर मोठ्या चिप्स देतो. त्या घेऊन थेट कॅशियरकडं. एका बोटीच्या चिप्स दुसऱ्या बोटीवर चालत नाहीत, आणि पणजीच्या धक्क्यावर उतरल्यावर खिशात सापडलेल्या पाचशेच्या चिपसाठी पुन्हा रांगेत उभं राहून बोटीवर जावं लागतं. म्हणून परतीच्या बोटीत पाय ठेवण्याआधी शर्टाचा आणि पँटचा, दोन्ही खिसे उलटे करून बघा.